देवमनच्या गार खोलीतली पट्टी

मी एक पट्टी बोलतेय. जखमेवर बांधायची नाही, आणि मास्तरांच्या हातातली तर मुळीच नाही. मी दोन धातूंची, हातभर लांब, आणि स्वभावानं वाकडी. गर्मी आली की माणसं ताठतात म्हणे, मी वाकते. गारवा आला की पुन्हा सरळ. एवढंच माझं काम, पण मी ते कधी चुकवलं नाही. माझ्या आसपासच्या किती माणसांना असं म्हणता येईल, ते मी सांगत बसत नाही.

माझा जन्म अमरावतीचा. कापसाच्या गाठीला जो लोखंडी पट्टा आवळतात, तो माझा बाप. आई पितळेची, देवमनच्या बायकोच्या, म्हणजे दुर्गाबाईच्या, माहेरची परात. परात तळाला चिरलेलीच होती. पण नवऱ्यानं तिचा काठ कापला म्हणून दुर्गाबाई तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. लोहारानं दोन्ही तुकडे एकावर एक ठेवले, नऊ ठिकाणी ठोकून जोडले, आणि झाला संसार सुरू. ऊब लागली की आई पसरते, बाप फारसा हलत नाही. दोघांच्या ओढाताणीत मी वाकते.

मला घडवून घेणारा देवमन एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. हात काचेच्या नळ्या धूत असायचे, कान मात्र प्राध्यापकांकडे. बिघडलेलं यंत्र त्याच्याकडे गुपचूप यायचं आणि दुरुस्त होऊन दुसऱ्याच्या नावानं परत जायचं. अकोल्याला शेतकी संशोधनाच्या एका केंद्रात मिस्त्रीची जागा निघाली, तेव्हा त्यानं अर्ज केला. तिथले साहेब तणसावर, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर, अळिंबी वाढवून पाहत होते. आपल्या वऱ्हाडात पावसाळ्यात रानात उगवणाऱ्या सात्यांचीच ती बहीण. पण आपला उन्हाळा तिला सोसत नव्हता.

साहेबांनी त्याचा चौथीचा दाखला पाहिला आणि म्हणाले, "कागदावर तर तू बसत नाहीस. घरी मे महिन्यात अळिंबी उगवून दाखव. पंधरा दिवसांनी मी स्वतः येतो. उगवली तर जागा तुझी."

देवमननं घराची मागची खोली रिकामी केली. खिडकीला वाळ्याची तट्टी लावली, तिच्यावर पाणी ठिबकायला भोकं पाडलेला डबा टांगला, आणि तट्टीसमोर भंगारातून उठवलेला पंखा ठेवला. मला भिंतीवर बसवलं. माझ्यासमोर पंख्याची तार जोडलेला एक खिळा. बत्तीस अंशांच्या वर गर्मी गेली की मी वाकून खिळ्याला टेकायचं, मग पंखा सुरू. गार झालं की मी सरळ, पंखा बंद. तणसाच्या पेंढ्या भिजवून रचल्या, त्यात साहेबांनी दिलेलं बाटलीतलं बी घातलं. बाहेर चव्वेचाळीस, आत बत्तीस. देवमन माझ्यासमोर तासभर मांडी घालून बसला आणि प्रत्येक 'टिक'ला हसला. मला तो फार आवडला.

तिसऱ्या दिवशी मोहल्ल्याला कळलं की देवमनची मागची खोली गार आहे.

पहिली आली त्याची सासू इंदूबाई, वलगावहून, दोन दिवसांसाठी. मग आले त्याचे काका डोमाजी, बिडीचं बंडल घेऊन. मग शेजारचे नत्थुजी स्वतःची बाज उचलून आले आणि म्हणाले, "मी काई पाव्हना नाई बाप्पा, मी तं घरचाच मानूस." आल्या माणसाला 'या' म्हणायचं आणि 'जा' कधीच म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पेंढ्या भिंतीला सरकल्या आणि मध्ये तीन बाजा पडल्या.

माणूस म्हणजे चालतीबोलती शेगडी असते, हे मला तेव्हा कळलं. तिघांच्या उबेनं मी सारखी वाकायची आणि पंखा सारखा धावायचा. तरी मी त्यांना पुरून उरले. खोली गार झाली की सरळ होऊन पंखा बंद करायचेच. की लगेच बाजेवरून, "कावून बंद झाला रे?"

देवमन समजावून दमला. शेवटी डोमाजींनी माझं मर्म ओळखलं. पेटती बिडी त्यांनी माझ्या पोटाखाली धरली. मी बिचारी वाकले. पंखा सुरू! "पाय, पाय," काका खुशीत म्हणाले, "बिडी पाजली का काम करते!"

इतका अपमान माझा कुणी केला नव्हता. देवमननं दुर्गाबाईला गाठलं. "तुह्या मायले सांग ना घरी जायाले. माही नोकरी जाईन."

"आंधी तुमच्या काकाले सांगा," ती म्हणाली, "मंग मी माह्या मायले सांगतो."

दोघंही कुणाला काही बोलले नाहीत. देवमननं माझ्याभोवती जाळी ठोकली, म्हणजे निदान बिडी तरी पोचू नये. आणि तेराव्या दिवशी तणसातून पांढरी डोकी वर आली. देवमन एकेक डोकं बोटानं मोजत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

पंधराव्या दिवशी तो साहेबांना आणायला स्टेशनवर गेला. इकडे इंदूबाई टोपली घेऊन खोलीत आली. मी स्वतः पाहिलं. तिनं एकूण एक अळिंबी खुडली! मी ओरडणार कशी? मला येतं काय, तर वाकणं.

पुढचं दारातून ऐकू आलं. साहेब आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. भाकरी, झणझणीत रस्सा. "मटण फारच लुसलुशीत आहे हो," साहेब म्हणाले.

"मटन नोहे साहेब," इंदूबाई अभिमानानं म्हणाली, "तुमचीच चीज हाये ते."

देवमनच्या हातातला घास ताटात पडला. "आत्याबाई! साहेबाले ते पाहाचे होते!"

"मंग पायले ना त्यायनं! दोनदा मांगून पायले. येवढा मोठा साहेब आपल्या मोहल्ल्यात येऊन, आपल्या घरी जेवाले बसला. त्याले का नुसतं बेसनाचं चून वाढू?"

साहेबांनी उरलेला रस्सा भाकरीनं पुसून घेतला.

साहेब खोलीत आले. उघडी पेंढी पाहिली, सवयीनं आपला तापमापक भिंतीवरच्या दुसऱ्या खिळ्याला अडकवला आणि सुस्कारा टाकला. "पोटातल्या पिकाचा अहवाल कसा लिहू, देवमन?" देवमन मान खाली घालून उभा. गाडीला वेळ होता, बाहेर आग होती, जेवण भरपूर झालं होतं. साहेब "पाच मिनिटं" म्हणून डोमाजींच्या बाजेवर टेकले आणि दोन तास घोरले. शेजारी नत्थुजी घोरत होते. इंदूबाईही घोरत होती, डोमाजी खाली जमिनीवर लवंडले होते आणि देवमन दाराशी बसून होता.

त्या दुपारी मी जन्माचं काम केलं. वाकले, सरळ झाले, वाकले, सरळ झाले. साहेब उठले तेव्हा तापमापकात बत्तीस होते. ते माझ्या जाळीसमोर पंधरा मिनिटं उभे राहिले, तीनदा 'टिक' ऐकली, पुन्हा पारा पाहिला.

"पाच माणसं, मेचं ऊन, आणि बत्तीस?" ते म्हणाले. "अरे, अजून तासभर निजलो असतो तर मीच उगवलो असतो! एक तारखेला अकोल्याला ये. आणि ही पट्टी घेऊन ये."

देवमन अंगणात गेला आणि भिंतीकडे तोंड करून रडला.

अकोल्याला मी सहा उन्हाळे काढले. मी राखलेल्या खोलीत किती पिकं निघाली, ते देवमन मिस्त्रींना विचारा. हो, आता त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. गेल्या आठवड्यात कारखान्यातून नवं यंत्र आलं, गोल डबीतलं. ते अर्ध्या अंशालाही चुकत नाही म्हणे. नसेल. मला त्याचा राग नाही. बाकी कुणी हातभर लांब, वाकडी, हातानं ठोकलेली पट्टी सांभाळत असेल, तर तिला भंगारात टाकण्याआधी जरा विचार करा, इतकंच मागणं.

मला उतरवायला देवमन स्वतः आले. जाळी काढली, मला तळहातावर घेतलं. हात ऊन होता. मी वाकले.

"पाय," ते कुणालातरी म्हणाले, "जाताना वाकून नमस्कार करून राह्यली."

गर्मीनं वाकले होते मी. नमस्कार मी आजवर कुणाला केला नाही. पण वाटू दे त्यांना.