रानाकडची खिडकी

हेमंताचं ऊन. तांबूस, तिरपं, दवात भिजलेलं ऊन. ज्युरा पर्वताच्या पर्णहीन बीचवृक्षांतून ते पाझरलं आणि रानाच्या कडेला असलेल्या स्मृतिशिलेवर येऊन टेकलं. शिलेवर युद्धात मेलेल्या गावकऱ्यांची सात नावं होती. पाचवं नाव लेओनचं, सोलांजच्या नवऱ्याचं.

शिलेपाशी, दरवर्षीच्या स्मृतिसमारंभात, अर्मां व्होझेल बोलत होता. काय ती मेघगंभीर, मधुभारित वाणी! एके काळी याच रानातून नाझी फौजेशी झुंजणारा, लेओनचा जोडीदार. आता ‘फ्रान्स फक्त फ्रेंचांचा’ म्हणत मतं मागणारा पुढारी. गद्दार कोण, परका कोण, हे तो बोट नाचवत सांगायचा आणि गाव माना डोलवायचं. सोलांजला ते बोट कधीच आवडलं नाही. पण लेओनचा सोबती म्हणून ती दरवर्षी समारंभानंतर त्याला कॉफीला घरी बोलवी.

युद्धकाळी तिच्या घराची एक रीत होती. एक खिडकी रानाकडे, एक शहराच्या रस्त्याकडे. सैनिक आले की रानाकडच्या खिडकीत लाल कांबळं टाकायचं. ते दिसलं की रानात लपलेल्या लढवय्यांनी खाली उतरायचं नाही.

अठरा वर्षांपूर्वीच्या त्या गार, गारठलेल्या सकाळी रस्त्यावर सैनिकांचे बूट वाजले. घाबरून सोलांजने कांबळं टाकलं ते रस्त्याकडच्या खिडकीत. लेओन निर्धास्त खाली उतरला. अंगणातच त्याला गोळ्या लागल्या. तिने कांबळं आत ओढून घेतलं, आणि ही चूक कुणालाच सांगितली नाही. पाद्र्यालासुद्धा नाही.

त्या सकाळी आपण वर रानात, लेओनच्या मागेच होतो, असं व्होझेल दरवर्षी सांगे. यंदा निवडणूक होती. यंदा त्याने चित्रात एक रंग जास्त भरला.

“खिडकीतलं लाल कांबळं मी या डोळ्यांनी पाहिलं. लेओनला हाक मारली. पण तो फार पुढे गेला होता.”

सोलांजने मान वर केली.

कुठून पाहिलं याने? रानातून ती खिडकी दिसत नाही. मध्ये अख्खं घर आहे. दिसते ती फक्त रस्त्यावरून, आणि रस्त्यावर त्या सकाळी सैनिक होते. कुणी सांगितलं म्हणावं, तर सांगणार कोण? शीतल, संथ, सर्पगती संशय तिच्या पाठीतून वर चढला. अठरा वर्षं याच माणसाला आपण घरात बसवून कॉफी पाजली!

मग नावं पुकारली गेली. प्रत्येक नावाला गाव उत्तर देई, “फ्रान्ससाठी मेला.” पाचव्या नावाचं उत्तर सोलांजचं. बोलावं तर आपलंच पाप चव्हाट्यावर येणार. न बोलावं तर लेओनचं नाव व्होझेलच्या तोंडातच राहणार. ती उभी राहिली.

“अर्मां, मी कांबळं चुकून रस्त्याकडच्या खिडकीत टाकलं होतं. रानातून ते कुणालाच दिसलं नसतं. म्हणून लेओन मेला. तू कुठे उभा होतास?”

व्होझेल हसला. फार वर्षं झाली, आठवणी सरमिसळ होतात, म्हणाला. पुढचं ऐकायला सोलांज थांबली नाही. ती उतारावरून घरी निघून गेली.

समारंभ संपला. नेहमीप्रमाणे कॉफीला सोलांजकडे जाऊ, असं म्हणत व्होझेल वळला. पण त्याच्यासोबत कुणी हललं नाही. सगळं गाव खाली, सोलांजच्या घराकडे बघत होतं.

रानाकडच्या खिडकीत, अठरा वर्षं उशिरा, कांबळं पडलं होतं. हेमंताचं ऊन. तांबूस, तिरपं ऊन. आणि त्या उन्हात, बरोबर त्या खिडकीत, लाल, लाल कांबळं.