बासष्टवर अडलेला आकडा

अशी कल्पना करा, की एका खोलीत चाळीस जण कामात आहेत आणि अचानक काहीतरी बिनसतं. एक जण म्हणतो, "स्टॅच्यू." बाकीचे जागच्या जागी थिजतात, कुणाचा हात कपाटावर, कुणाच्या मुठीत किल्ली. जागा राहिलेला तो एकटा वही घेऊन प्रत्येकापाशी जातो नि लिहितो, हा इथे होता, हे करत होता. कुणाला हलवत नाही. किल्लीही मागत नाही, कारण थिजलेला माणूस ती देणार कशी? मागितली, तर मागणारा जन्मभर उभाच.

संगणक कोसळतो तेव्हा त्याच्या पोटात असंच होतं. तिथल्या कामकऱ्यांना थ्रेड म्हणतात आणि त्या वहीला डंप. वही लिहिणाऱ्याला, म्हणजे एका प्रोग्रॅमला, धडे देणं हे खारूच्या मावशीचं काम. खारू दहा वर्षांची, एका जागी न बसणारी, म्हणून हे नाव. शाळेला सुट्टी असल्याने ती मावशीबरोबर ऑफिसात आली होती.

मावशीचा सहकारी दाढीकाका याने त्या लिहिणाऱ्यात नुकताच एक बदल केला होता, आणि तो खऱ्या बिघाडात टिकतो का हे बघायचं होतं. दोघं जेवायला गेले, आणि तीन आठवडे ज्या बिघाडाची दोघं वाट पाहत होती तो नेमका तेव्हाच आला. कोपऱ्यातल्या यंत्राचा पडदा काळा झाला. वही किती टक्के लिहून झाली ते दाखवणारे आकडे चढत चढत बासष्टवर अडले. खारू थोडी थांबली. मग घरचा संगणक अडकल्यावर करते तेच तिने केलं. बटण दाबून यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं.

दोघं परतली, आणि मावशी पडदा बघून मटकन बसली. "वही अर्धीच. अडकलं आणि आपोआप पुन्हा सुरू झालं. तुझा लिहिणारा कुणाची तरी किल्ली मागत बसला, दाढी."

"मागत नाही गं तो. चारदा तपासलंय."

"मग उरलेली पानं उंदरांनी खाल्ली?"

"बासष्टला लिहायच्या माहितीचा मोठा ढीग असतो. दहा मिनिटं आकडा हलत नाही, एवढंच."

दहा मिनिटं. खारू तर तीनही थांबली नव्हती.

"काढून टाक तुझा बदल," मावशी म्हणाली. "जुनंच बरं होतं."

दाढीकाकाने कीबोर्ड पुढे ओढला. "तीन आठवडे पाण्यात. खारूताई, तू तरी माझ्या बाजूने बोल."

तो हसत होता, म्हणून तिला जास्तच लागलं. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? पण त्याची बोटं चालू लागली, तशी ती उठली.

"काका, काढू नका. बटण मी दाबलं. बासष्टवर होतं, तेव्हाच."

दाढीकाकाची बोटं थांबली. मग मावशी म्हणाली, "आता बिघाड पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही."

खारूने खुर्ची ओढत यंत्रासमोर नेली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि पडद्याकडे बघत बसली.