नखातली पिठीसाखर

"तीनशेच्या वर दाखवतंय," टिटवीचा बाप साखर मोजायचं मीटर खिडकीच्या उजेडात धरून म्हणाला. "परत घे."

"परत कशाला? पट्टी वाया जाईल," आई म्हणाली.

"जाऊ दे. दुसरं बोट घे."

आईनं टिटवीचं दुसरं बोट धरलं, चिमटीत दाबलं, टोचलं. थेंब आला. मीटरनं जरा विचार केला आणि पुन्हा तेच सांगितलं.

"शाळेत काय खाल्लंस?"

"डबा. तुझाच डबा. भाजी तर मी अर्धी टाकलीसुद्धा," टिटवी म्हणाली आणि टोचलेलं बोट तोंडात घालून चोखलं. "आई गं! आज माझं रक्त गोड लागतंय."

"तुझं ते. कडू कसं असेल?" बाप म्हणाला. तिघंही हसली.

त्या हसण्यातच सगळं निसटलं.

आई नुकतीच बेकरीतून आली होती. अंगावर ॲप्रन तसाच. केकवर क्रीमची नक्षी आणि साखरेचे गुलाब करणं हे तिचं काम. घरात शिरल्यावर आधी हात धुवायचे, मग मुलीला हात लावायचा, असा नियम होता. पण नळ आज कोरडा होता. बाप प्लंबर. जगाचे नळ वेळेवर, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरातला नळ महिनाभर ठिबकत होता. आज एकदाचा त्याला मुहूर्त लागला होता, म्हणून त्यानं घराचं पाणीच बंद करून ठेवलं होतं आणि नळाचे सुटे भाग ओट्यावर मांडले होते. आईनं नळ फिरवला, "तुमचं काय ते चाललंय!" म्हणाली, हात ॲप्रनला पुसले आणि मुलीचं बोट धरलं.

वाढलेली साखर उतरवायचं इंजेक्शन बापानं दिलं. बऱ्यापैकी मोठं. आकडा खाली आला की जेवायचं, असं ठरलं. टिटवी खाली अंगणात खेळायला पळाली.

गोड जास्त देत होतात का?

हे पहिल्यांदा नणंदेनं विचारलं. आजार तेव्हा नुकताच कळला होता. टिटवी दवाखान्यात, हाताला सलाईन. "तसं नाही वहिनी, पण तुम्ही बेकरीत. घरी काहीबाही येत असणारच ना."

मग शेजारणीनं. मग शाळेतल्या बाईंनी, जरा घुमवून. मग भाजीवालीनं, न घुमवता.

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. हा मधुमेह गोड खाण्याचा आजार नाही. तिचं शरीर इन्सुलिन बनवायचं थांबलंय. का थांबलं, कुणालाच सांगता येत नाही. तुमची चूक नाही. आईनं मान डोलावली होती. मान डोलावणं तिला सोपं गेलं. पटवून घेणं जमलं नाही.

तेव्हापासून घरी येण्याआधी ती बेकरीत एकदा आणि घरी एकदा हात धुवायची. नखं मुळापासून कापलेली. तरी कोपऱ्यात पिठीसाखर राहायचीच. ती पिठासारखी बारीक असते, हवेतून येऊन बसते, घामाशी मैत्री करते.

एवढं शांत कसं काय?

हे तिनंच स्वतःला विचारलं. इंजेक्शननंतर, कांदा चिरताना.

मुलीला टिटवी नाव पडलं ते उगीच नाही. जन्मली तीच ओरडत. झोपेत बोलते, जेवताना बोलते, दात घासताना तर फेसासकट बोलते. खाली अंगणात पोरं असली की तिसऱ्या मजल्यावर हिचा आवाज आधी पोचतो. आणि आता अंगणातून सगळ्यांचे आवाज येत होते, हिचा सोडून.

आईनं सुरी टाकली.

टिटवी जिन्यातच होती. भिंतीला टेकून, एक चप्पल पायात, एक खालच्या पायरीवर. कपाळ घामानं ओलं, ओठ पांढरे.

"टिटवे! काय होतंय?"

"काही नाही. जा ना तू." आवाज जाड, परक्यासारखा. "मला पायऱ्या मोजायच्यात."

"अहो!" आई वर तोंड करून ओरडली. "डबा आणा! ग्लुकोजचा डबा!"

डबा घरात दाराशीच असतो. पण घर दोन मजले वर होतं आणि टिटवीची मान कलत होती. आईनं खिसे चाचपले. ॲप्रनच्या खिशात मोडके गुलाब होते. पाकळी तुटली की तो गुलाब केकवर जात नाही. ती ते खिशात टाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुटायची.

"हे खा. चाव."

"गोड नको. तूच म्हणतेस, नको."

"आत्ता मी म्हणते, खा! साखर पार उतरलीये तुझी."

टिटवीनं एक गुलाब चावला. मग दुसरा. आईच्या बोटांवरचा चुरासुद्धा चाटला. बाप तीन तीन पायऱ्या उतरत आला, एका हातात डबा, दुसऱ्या हातात पाना, कारण पाना खाली ठेवायचं त्याला सुचलंच नव्हतं. ग्लुकोज थोडं थोडं तिच्या तोंडात घातलं. तिघंही जिन्यात बसून राहिली. खालून एक पोरगं ओरडलं, "टिटवी, येतेस का? तुझं राज्य आहे!"

बऱ्याच वेळानं टिटवीनं मान उचलली.

"बाबा, तू पाना का आणलास? मला दुरुस्त करणार होतास?"

बापानं हसायचा प्रयत्न केला. तोंड वाकडं झालं, पण हसू आलं नाही.

घरी आल्यावर बापानं पिण्याच्या पाण्यानं टिटवीचे हात धुतले, आईचेही धुतले, कोरडे केले आणि मग बोट टोचलं. आकडा आता ठीक होता. टिटवीनं सवयीनं बोट तोंडात घातलं.

"आता खारट लागतंय. मघाशी गोड होतं."

बापानं आईकडे पाहिलं. आईनं आपल्या हातांकडे.

चूक कुणाची?

"माझी. माझ्या हाताला साखर होती. तिच्या बोटावर मीच लावली. मीटरनं माझी साखर मोजली, तिची ठीकच होती."

"पाणी मी बंद केलं होतं."

"मी पिण्याच्या पाण्यानं धुवू शकले असते."

"महिनाभर ठिबकत होता तो. आजच का काढला मी?"

"तुम्ही परत घे म्हणालात तरी. मी पट्टी वाया जाईल म्हणाले."

"इंजेक्शन कुणी दिलं? मी ना? मग?"

"तुम्ही आकडा बघून दिलंत. आकडा मी दिला."

"अगं, तू सगळंच स्वतःवर का ओढून घेतेस?"

"आणि तुम्ही काय करताय?"

"भांडू नका ना! आईची पहिली चूक, बाबाची दुसरी. झालं? आता मला जेवायला वाढा."

मोठी झाली की जाईल ना हा आजार?

हे सगळेच विचारत.

नाही.

मग आता काय करणार तुम्ही?

हे बेकरीतल्या भट्टीवाल्या काकांनी आईला विचारलं, दुसऱ्या दिवशी, भट्टीतून पावांचे ट्रे ओढता ओढता.

"सोडणार. हा लग्नाचा केक पुरा करते आणि सोडते. शिवणकाम बघीन."

"आणि गुलाब?"

"तुम्ही करा. शिकवते."

"माझ्या हातून गुलाबाचा कोबी होईल बाई. लोक लग्नात कोबी कापतील." ते ट्रे ठेवून तिच्याजवळ आले. "मुलगी बरी आहे ना पण?"

"बरी आहे."

"मग रडून घ्या जरा. मी तोंड फिरवतो."

"मला काम आहे," ती म्हणाली आणि क्रीम फेटायला लागली. क्रीम कधीच घट्ट झालं होतं. ती फेटतच राहिली. शेवटी त्याचं लोणी निघालं आणि तिला नवं करायला घ्यावं लागलं. पण त्या दिवशीचे गुलाब, काका नंतर सगळ्यांना सांगत, तिनं आयुष्यात केले नसतील असे उतरले. दव पडल्यासारखे.

तुम्ही दोघं कसे आहात?

दवाखान्यातल्या सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. "होतं असं. फळ सोललेल्या हातानंसुद्धा होतं. अशक्य आकडा दिसला की आधी हात, मग मीटर, मग इंजेक्शन." आणि मग पेन बाजूला ठेवून त्यांनी हा प्रश्न विचारला.

"आता नॉर्मल आहे," बाप घाईनं म्हणाला. "सकाळची तर फारच छान आली."

"तिचं नाही विचारलं. तुमचं विचारलं."

दोघंही एकमेकांकडे बघायला लागली. परीक्षेत न शिकवलेला प्रश्न यावा तशी.

"आम्हाला काय झालंय?" बाप म्हणाला.

"हे बाथरूममध्ये रडतात," आई एकदम म्हणाली. "नळ सोडून."

"तुला... तुला माहीत आहे?"

"प्लंबरच्या घरात पाणी फुकट वाहतंय आणि मला कळणार नाही? दुसऱ्याच्या नळाचा थेंब बघवत नाही तुम्हाला."

बापाचे कान लाल झाले. मग तोही सुटला. "आणि सिस्टर, ही रडतच नाही. कधीच नाही. त्या दिवशी जिन्यात मी नुसता पाना धरून बसलो होतो. हिनं पोरगी सांभाळली, मला सांभाळलं, वर येऊन चिरलेल्या कांद्याची भाजी केली. आणि आता म्हणते, काम सोडते. तिचं ते एकच काम आहे, जे करताना ती गुणगुणते."

"काम का सोडतेस?" टिटवीनं विचारलं. ती वजनकाट्यावर चढउतार करत होती.

"माझ्या हाताला साखर असते म्हणून."

"मग धू ना!"

इतकंच. आणि पुन्हा काट्यावर उडी.

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी आईच्या हातावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

*

काही दिवसांनी घराच्या दाराशी, चपलांच्या कपाटाच्या बाजूला, एक छोटं बेसिन आलं. कुठल्याशा जुन्या दुकानातून काढलेलं, कडेला टवका उडालेला. बापानं भिंत फोडून पाण्याची लाइन तिथवर आणली. घरमालक ओरडले, तेव्हा म्हणाला, "काका, तुमचा गच्चीवरचा पाइप मी बदलून देतो, पण हे इथंच राहील." शेजारी नखांचा ब्रश टांगला. उंची टिटवीच्या हिशेबानं ठेवली; मोठ्यांना वाकावं लागतं.

संध्याकाळी आई बेकरीतून आली. दारातच वाकली. ब्रशनं एकेक नख घासलं. पाणी आधी दुधाळ, मग स्वच्छ. मग टिटवीचे हात. पहिला थेंब पुसला, दुसरा पट्टीवर घेतला. आकडा बघून टिटवीनंच "शाबास मी!" म्हटलं.

बाप मीटर ठेवून बाथरूममध्ये गेला.

आई पाण्याचा आवाज यायची वाट बघत राहिली. पाण्याचा आवाज आला नाही.

तिनं दार ढकललं. कडी लावलेली नव्हती. तो उपड्या बादलीवर बसला होता, तळवे डोळ्यांवर. नळ घट्ट बंद होता. तिनं धुण्याची बादली ओढली, उपडी केली आणि त्याच्या शेजारी बसली. ओले हात मांडीवर ठेवले. त्यांना साबणाचा वास येत होता. थोड्या वेळानं तिचेही खांदे हलायला लागले.

"दोघं आत काय करताय?" बाहेरून टिटवी ओरडली. "मला भूक लागलीये!"

"आलो," बाप म्हणाला.

कुणीच उठलं नाही. अजून थोडा वेळ.