सतरा एकांचे तुकडे

सतरा एक ओळीने लिहिले की जी संख्या होते ती फुटते, म्हणजे लहान संख्यांचा गुणाकार असते, हे बारक्याने सिद्ध केलं होतं. बारक्या आता अठ्ठावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला. पण थोरल्या बहिणीच्या लेखी अजून बारक्याच. घोडं पेंड खात होतं ते एका ठिकाणी: त्याची कसोटी संख्या फुटते एवढंच सांगायची, तुकडे दाखवायची नाही. गणिताच्या मासिकाच्या संपादकांनी त्याचं टिपण परत पाठवलं, तुकडे सापडले की या म्हणून.

ताईला ते झोंबलं. तिने कंबर कसली. दोघांचा जन्म मोजणी कचेरीत आकडेमोड करण्यात गेलेला, त्यामुळे कचेरीची शिस्तच घरात आली. एकाने भागायचं, दुसऱ्याने नवाचा ताळा घ्यायचा, म्हणजे अंकांच्या बेरजा जुळतात का ते बघायचं. जुळल्या की लाल खूण. खूण झालेलं पान पुन्हा उघडणं म्हणजे जोडीदारावर अविश्वास, आणि तसं कचेरीत कुणी करत नसे.

तुकड्याला चौतिसाने भागलं तर एक उरलाच पाहिजे, हे बारक्याने आधीच काढलं होतं. त्यामुळे मूळ संख्यांच्या छापील कोष्टकातल्या बऱ्याच गाळता आल्या. तरी पाच वर्षांत दहा हजारांवर भागाकार झाले. कोष्टक तेवीस लाखांपाशी संपलं, तुकडा काही मिळाला नाही.

त्यापलीकडे तुकडा असू शकला असता, पण बारक्याने हात टेकले. कसोटीतच कुठेतरी घसरलो असणार, संपादकांना तसं कळवून मोकळा होतो, म्हणाला. त्याचा पडलेला चेहरा ताईला बघवेना.

"थांब," ती म्हणाली. "आधी सगळ्या पानांना अकराचा ताळा लावते."

"खुणा झालेल्या पानांना? म्हणजे माझ्यावर भरवसा नाही."

"तुझ्यावर आहे. नवावर नाही."

शेजारचे दोन अंक लिहिताना उलटे पडले तर त्यांची बेरीज तीच राहते, नवाला पत्ता लागत नाही; अकराच्या ताळ्यात अंक आलटून पालटून मिळवतात आणि वजा करतात, त्याला लागतो. हे बारक्यालाही ठाऊक होतं, पण तो चार दिवस वहीला शिवला नाही. पाचव्या दिवशी वही ओढून समोर येऊन बसला. चूक निघाली तर ती तुझीच असणार, घाई तुला पाळण्यातली, असं ताईने त्याला रोज ऐकवलं. पहिल्या वहीपासून, दिवसाला पन्नास पानं. डोळे चुरचुरले की गार पाण्याचे हबके मारून ती पुन्हा बसायची.

सहाव्या महिन्यात भाजक आला २०७१७२३. अकरा जुळेना. तिने दोनदा केलं. मग ओळ न् ओळ बघत खाली गेली. एका ओळीत बाकी हवी होती ४६३१७५. लिहिली होती ४६३७१५. अक्षर तिचंच होतं.

तिने कोरं पान घेतलं आणि पहिल्यापासून भागायला लागली. शेवटच्या ओळीत १४५०२०६१ मधून १४५०२०६१ गेले आणि खाली शून्य उरलं. दुसरा तुकडा ५३६३२२२३५७. बारक्याने गुणून पाहिलं: सतराच्या सतरा एक ओळीने उभे राहिले. तो मोठ्याने हसला, आणि तिला आनंद झाला, पण आनंदाच्या दुप्पट ओशाळं वाटलं.

"वर्षभरापूर्वीच जिंकला असतास," ती म्हणाली. "मीच तुला खोटं पाडलं."

त्याने टिपण पुन्हा लिहून काढलं, दोन्ही तुकडे घातले, आणि भागाकार थोरल्या बहिणीने केले असं मानाने नमूद केलं. चुकीचा उल्लेख नव्हता. कुणाला सांगायची काय गरज आहे, म्हणाला.

ताईने कागद आपल्याकडे ओढला. जन्मात तिने या भावाला कधी शाबासकी दिली नव्हती. पाढा बिनचूक म्हटला तरी पुढचा म्हण म्हणायची. आता सहीच्या वर उरलेल्या जागेत तिने सावकाश लिहिलं: 'मधल्या काळात संख्या फुटत नाही असं वाटलं, ती चूक माझ्या हातची. माझा भाऊ पहिल्या दिवसापासून बरोबर होता.'

बारक्याने ते वाचलं आणि लहानपणी रडायचा तसा ढसाढसा रडला.