दुपारी झोपणारी इमारत

समजा हं, तुमच्या घरात रात्र दुपारी होते. बाहेर लख्ख ऊन, रस्त्यावर हॉर्नचा गोंगाट, आणि तुमच्या घरात मात्र जाड पडदे ओढलेले नि आई गाढ झोपलेली. आता सांगा, अशा घरात पाण्याचा पेला टेबलावर ठेवायचा कसा? आधी करंगळी टेकवायची, तिच्यावर पेला अलगद उतरवायचा, मग करंगळी हळूच काढून घ्यायची. जमलं? तर मग या गोष्टीतल्या मुलीशी तुमची नक्की गट्टी जमेल.

ती आठ वर्षांची होती आणि सगळे तिला कुजबूज म्हणत, कारण तिला मोठ्यानं बोलायची सवयच राहिली नव्हती. तिची आई रात्रभर रुग्णवाहिकेच्या फोनवर बसायची. कुणाच्या छातीत दुखलं, कुणी जिन्यावरून पडलं, की फोन आईकडे. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता धड सांगता येत नाही. आई तो शांतपणे काढून घ्यायची आणि गाडी धाडायची. "झोप नीट झाली नाही ना, की आकडे डोळ्यांपुढे नाचतात," ती म्हणायची, "आणि एक आकडा चुकला तर गाडी भलत्याच दारात."

म्हणून तिची झोप सगळी इमारत सांभाळायची. पहिल्या मजल्यावरचे शिंपीकाका दहा ते चार मशीनला हात लावत नसत, काजं-बटणं तेवढी हातानं करत. वरच्या गाण्याच्या बाई दुपारी मुलींना नुसता ताल शिकवत, तोही मांडीवर. शेजाऱ्याकडे जायचं तर दार नखानं खरवडायचं. ठोठावणारा म्हणजे परका, त्याला चारपर्यंत कुणी ओ द्यायची नाही, असं ठरूनच गेलं होतं.

मागच्या अंगणाला लागून एक बार होता. तो संध्याकाळी उघडायचा, तोवर आई कामाला निघालेली असायची. पण महिन्यापूर्वी भिंतीवर नोटीस लागली. बारवाल्यांना अंगणात बारा टेबलं मांडायची होती, गाण्यांसाठी स्पीकर लावायचे होते, आणि तेही दुपारी बारापासून. अंगण आईच्या खिडकीच्या अगदी नाकासमोर. इमारतीनं विरोधाचा अर्ज केला. कचेरीतून उत्तर आलं की तपासनीस पाहणीला येतील. कधी, ते काही लिहिलं नव्हतं.

ते आले शाळेच्या सुट्टीत, भर अडीच वाजता.

ठक ठक ठक! खाली वाजलं. कुणी ओ दिली नाही. वर वाजलं, तिथंही शांतता. मग कुजबूजच्याच दारावर. आई कुशीवर वळली. कुजबूजनं श्वास रोखून दाराला कान लावला.

"बघा साहेब, मी म्हटलं नव्हतं?" हा बारवाल्या काकांचा आवाज. "दुपारी इथं चिटपाखरू नसतं."

"अर्जावर तर एकोणीस सह्या आहेत."

"असतील की! संध्याकाळी येतातच ना माणसं घरी."

"मग लिहितो. दुपारी वस्ती नसते."

ओरडावं तर आई आज जागी होणार. गप्प राहावं तर रोजच. पावलं जिना उतरू लागली. तिनं कडी फ्रॉकच्या टोकात गुंडाळून सरकवली आणि अनवाणी धावत सुटली. फाटकापाशी तिनं साहेबांची बाही पकडली.

"आम्ही आहोत. सगळे. आत."

"काय? बाळ, जरा मोठ्यानं बोल की."

"नाही. आई झोपलीय."

"या वेळी?" बारवाले काका म्हणाले. "बरं नाही का तिला?"

"तिची आत्ता रात्र आहे."

साहेब खाली वाकले. "मग दार का नाही उघडलंत कुणी?"

"तुम्ही ठोठावलंत ना, म्हणून."

"घ्या! म्हणजे चूक माझीच."

"हो," कुजबूज म्हणाली. "बूट काढा. आणि चौथी पायरी कुरकुरते, ती सोडा."

साहेबांनी ती सोडली. बारवाल्या काकांनी पोट सावरत, कठड्याला धरून सोडली. कुजबूजनं शिंपीकाकांचं दार खरवडलं. ते उघडलं, ओठांत दोरा धरून काकांनी मान डोलावली. वरचं खरवडलं. आत सात मुली मांडीवर बोटं टेकवत बसल्या होत्या. साहेबांनी चष्मा पुसला.

मग घर. पडद्याच्या फटीतून आलेली उजेडाची रेघ आईच्या पायांवर पडली होती. एक हात कानावर. बारवाल्या काकांनी फटीतून खाली पाहिलं, टेबलांसाठी आखलेल्या चुन्याच्या रेघा तिथूनही दिसत होत्या.

"मला वाटायचं ही अडगळीची खोली आहे," ते पुटपुटले. "पडदा कधी उघडा दिसलाच नाही."

तिघं बाहेर आली. साहेबांनी मघाची ओळ खोडली. "पण याच घरातल्या मोठ्या माणसाचा जबाब लागेल, सहीसकट. त्याशिवाय कचेरीत कुणी मानणार नाही. उठव बरं आईला, दोन मिनिटांचं काम."

"ती चारला उठते."

"अगं, तुमच्याच भल्याचं आहे! पाचला कचेरी बंद होते माझी."

आईला हाक मारली असती तर ती तक्रार न करता उठली असती. कुजबूजला ते ठाऊक होतं. तिनं घड्याळ पाहिलं. तीनला पाच कमी.

"चारला," ती म्हणाली.

साहेबांनी बारवाल्यांकडे पाहिलं. "थांबू या की," बारवाले काका म्हणाले, आणि तेही आता कुजबुजतच होते.

कुजबूज आत गेली. तिनं दोन स्टुलं एकेक करून उचलून आणली, जिन्याच्या तोंडाशी मांडली, दोघांना हातानंच 'बसा' म्हटलं, आणि स्वतः दाराच्या मधोमध मांडी ठोकून बसली.