खिडकीचा सेक्शन

लेक आर्किटेक्ट, पण आईला नकाशा कळेल तर शप्पथ! माझा जन्म घरोघर फिरून विजेचे मीटर वाचण्यात गेला. मला आकडे कळतात, रेघा नाही. जिन्यावरून पडले, कंबरेचं ऑपरेशन झालं आणि खाटेवर वेळ जाता जाईना. "चार दिवसांत चालायला लागशील," असं सगळे म्हणत, लेकही. तेवढ्यात तिने रस्त्याकडची खोली माझ्यासाठी नव्याने बांधायला काढली, आणि संध्याकाळी कागद घेऊन ती शेजारी बसू लागली.

"हा प्लॅन. छप्पर काढून वरून बघायचं."

"चोरासारखं."

"आई! हे एलिव्हेशन. बाहेर उभं राहून दिसतं ते."

"म्हणजे शेजारणीला दिसतं ते."

"आणि हा सेक्शन. घर वरून खालपर्यंत सुरीने कापायचं नि आत बघायचं. कशाची उंची किती, ते यात कळतं."

मला गोडीच लागली. ती ऑफिसला गेली की मी कागद पोटावर पसरी. दार कुठे उघडतं, कपाट कुठे, सगळं उमगू लागलं. आता हिच्याच चुका काढून हिला दाखवायच्या, असं मनात होतं.

एक दिवस सापडल्याच. दार भलतंच रुंद. उंबरठ्याचा पत्ता नाही. बाथरूमच्या मधोमध तुटक रेघेचं मोठं वर्तुळ. सेक्शनमध्ये खिडकी पार गुडघ्याएवढी खाली, आणि खाटेवर आडव्या पडलेल्या बाईच्या डोळ्यापासून रस्त्यावरच्या माणसापर्यंत ओढलेली बारीक रेघ. उभी बाई मी सगळ्या कागदांवर शोधली. कुठेच नव्हती.

चार दिवसांत चालणाऱ्या बाईसाठी कोणी अशी खोली बांधत नाही.

संध्याकाळी ती बूट काढत होती तेव्हा विचारलं, "हे वर्तुळ कसलं गं?"

"ते... चाकाची खुर्ची वळायला. लागलीच तर."

"आणि ही बाई उठत का नाही?"

ती एका पायात बूट तसाच ठेवून बसून राहिली. "डॉक्टरांनी ऑपरेशन झालं तेव्हाच सांगितलं होतं, आई. माझी जीभ रेटली नाही."

असा राग आला! ओरडणारच होते. पण त्या बाईच्या डोळ्यापासूनची रेघ तिने इतक्यांदा खोडून ओढली होती की तिथे कागद पातळ झाला होता. मग मी रडले. तीही रडली.

डोळे पुसून मी म्हटलं, "पेन्सिल आण. खिडकी आणखी वीतभर खाली घे."

"माणसं दिसतात की एवढ्यात."

"कमरेच्या वरचीच दिसतात. मला त्यांचे पाय बघायचेत."