साहेब थांबतात तिथे

आमचे हे पोलिसातून निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, आता घरात जरा शांतता नांदेल. कसली शांतता! दोन-तीन महिन्यांतच फौजदारी न्याय शिकवणाऱ्या कॉलेजातून बोलावणं आलं आणि माणूस पुन्हा कडक इस्त्रीच्या शर्टात उभा राहिला. कॉलेजला म्हणे पुस्तकी प्राध्यापकांचा कंटाळा आला होता. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ह्यांचा हाताची घडी घातलेला फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत: 'आमचे शिक्षक गुन्हेगारीत मुरलेले आहेत.' मी विचारलं, अहो, हे वाक्य कुणाच्या डोक्यातून निघालं? तर छाती फुगवून म्हणाले, "माझ्याच."

ह्यांच्या जोडीला आणखी दोन अनुभवी मंडळी आहेत. एक निवृत्त तुरुंगाधिकारी. ते वर्गात शिरले की आधी दाराला आतून कडी घालतात, आणि फळ्यावर लिहितानाही मुलांकडे पाठ करत नाहीत. तिरके उभे राहून लिहितात, त्यामुळे त्यांचं अक्षर आजवर कुणालाही लागलेलं नाही. दुसऱ्या सरकारी वकीलबाई. मुलांनी शंका विचारली की त्या म्हणतात, "प्रश्न गैरलागू," आणि पुढे सरकतात. मुलं मात्र खूश. पुस्तकात हे कुठे मिळणार?

आता ह्यांची पद्धत सांगते. गुन्हेगार कोण ते आधी ठरतं, चौकशी मागाहून. घरात साखरेच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं, तर "कुणी ठेवलं उघडं?" हा प्रश्न हे माझ्याकडे बघूनच विचारणार. घरात आम्ही दोघंच, म्हणून मी हसण्यावारी नेते. पण एकदा हे झाकणाइतकं साधं नव्हतं, आणि ते मी अजून पचवलेलं नाही.

त्याचं असं झालं. एका दुपारी ह्यांच्या वर्गातली एक मुलगी तपासायचे पेपर घेऊन घरी आली. पहिल्या बाकावर बसणारी, चष्मेवाली, बोलायला गोड. मी चहा टाकला. घोटभर चहा घेऊन ती अगदी काळजीने म्हणाली, "काकू, विचारू का? तुमचे ते भाऊ नंतर सुधारले का हो?"

"कोण सुधारलं?"

"तेच, घड्याळवाले. सरांचं तिसरं लेक्चर आहे ना, 'माझ्या घरातली चोरी.' सर म्हणाले, कायद्यापुढे सख्खा मेहुणासुद्धा मेहुणा नसतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या भावाची अब्रू, आणि त्यावर टाळ्या! पोरीचा काही दोष नव्हता, म्हणून कप तेवढा आपटायचा राहिला.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा धाकटा भाऊ बायकोला आणि सात-आठ वर्षांच्या पोरीला गावी ठेवून नोकरी शोधायला म्हणून आमच्याकडे राहायला आला होता. त्याच दिवसांत सासूबाईंचं सोन्याचं मनगटी घड्याळ कपाटातून गेलं. दुपारी त्या पडल्या होत्या, कपाटाशी कुणीतरी पाठमोरं उभं असलेलं त्यांना दिसलं, एवढाच पुरावा. ह्यांनी काय करावं? ठाण्यात करतात तशी ओळख परेड घरच्या दिवाणखान्यात घेतली! घरात येऊन गेलेल्या पुरुषांची रांग लावली: रंगारी, नळवाला, शेजाऱ्यांचा मोठा मुलगा आणि माझा भाऊ. सासूबाईंना कोपराला धरून रांगेसमोरून फिरवलं. त्यांचं आदल्याच आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्याला पट्टी आणि दुसऱ्याने आधीपासूनच अंधुक दिसायचं. तरी त्या माझ्या भावाकडे बोट करून म्हणाल्या, "हाच तो."

तक्रार नोंदवली नाही, हे ह्यांचे उपकार. भाऊ त्याच पावली पिशवी उचलून गेला. मी त्या दिवशीही ओरडून सांगितलं होतं, माझा भाऊ असं करणार नाही. पण साक्षीदाराने ओळखलंय म्हटल्यावर माझं कोण ऐकतं? घड्याळ काही सापडलं नाही. सासूबाईही गेल्या. भावाने पुढे स्वतःचा छापखाना काढला, चांगलं नाव कमावलं, पण आमच्या उंबऱ्याला त्याने पुन्हा पाय लावला नाही. मी भेटायला जायची ती एकटीच.

आणि आता त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. फोनवर म्हणाला, "ताई, तू तर येच. दाजींनाही माझं बोलावणं आहे. पण त्यांनी एकदा, फक्त एकदा, चुकलं म्हणावं. माझ्या पोरीच्या सासरची माणसं असतील तिथे. दाजींनी मला पाहून नुसता घसा खाकरला तरी मला ती रांग आठवेल."

मी ह्यांना सांगितलं. हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "चुकलं कसं म्हणू? ओळख पटली होती."

आणि आता ही मुलगी विचारत होती, सुधारले का म्हणून. संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "मला तुमचा वर्ग बघायचाय." हे इतके खूश झाले की बूट स्वतः पॉलिश केले.

मी गेले त्या दिवशी वर्गात ओळख परेडच होती. आदल्या आठवड्यात एक अनोळखी माणूस भर वर्गात घुसून ह्यांची बॅग पळवून गेला होता. अर्थात, ठरवून. माणूस ऑफिसातल्या कारकुनाने पाठवला होता. कोण, ते ह्यांनी मुद्दाम विचारलं नव्हतं, आणि बॅग गेली तेव्हाही हे फळ्याकडे तोंड करून उभे होते. चाचणी कशी, निःपक्षपाती हवी! आज तो चोर इतर चार जणांबरोबर रांगेत उभा राहणार होता. मुलांनी व्हरांड्यातून एकेकाने आत यायचं, चोर ओळखायचा आणि मागे माझ्याजवळ येऊन बसायचं.

रांग लागली होती. कँटीनवाला, ग्रंथालयातला मदतनीस, माळी, चौथा पंखे दुरुस्त करणारा आणि पाचवे कुणा विद्यार्थ्याचे वडील, जे बिचारे फी विचारायला आले होते. पंखेवाला उंच, दाढी वाढलेली, भुवईवर जुना व्रण, खिशात स्क्रू ड्रायव्हर. ह्यांनी रांगेवरून एकदा नजर फिरवली आणि त्याच्यावर ती जराशी रेंगाळली. ती नजर मी ओळखते. साखरेच्या डब्याची नजर.

पहिला मुलगा आला. हे त्याच्या कोपराला हलकेच धरून अर्धं पाऊल पुढे चालू लागले. "घाई नाही. नीट बघा." परत येऊन मुलगा म्हणाला, "चौथा." दुसरा आला, "चौथा." तिसरी आली, "चौथा." मी मनात म्हटलं, वा, काय स्मरणशक्ती आहे हो पोरांची! मग माझा चष्मा खाली पडला, तो उचलायला वाकले आणि ह्यांचे बूट दिसले.

पॉलिश केलेले बूट कँटीनवाल्यापुढून गेले. मदतनिसापुढून गेले. माळ्यापुढून गेले. पंखेवाल्यापुढे थांबले. वर ह्यांनी घसा खाकरला, अगदी बारीक. मग बूट पुढे गेले.

पुढच्या मुलालाही तसंच. त्याच्या पुढच्यालाही. मी हातात चष्मा धरून तशीच वाकलेली. शेजारच्या मुलाने विचारलं, "काकू, काही हरवलंय का?" मी म्हटलं, "हरवलेलं सापडतंय बाळा, गप्प बस."

शेवटी ती चष्मेवाली मुलगी आली. रांगेसमोरून एकदा फिरली आणि चाचरत म्हणाली, "सर, यात तो नाही, असं म्हटलं तर चालतं?"

"चालतं की," हे मोठ्या मनाने म्हणाले. "नियमातच आहे. माझ्या सबंध नोकरीत मात्र असं कुणी म्हटलं नाही. या, पुन्हा बघा." पुन्हा फिरवलं. चौथ्यापुढे या वेळी बूट जरा जास्तच वेळ थांबले. मुलीने ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "चौथेच असतील," ती म्हणाली.

"बघा!" हे वर्गाकडे वळून गरजले. "एकमत! याला म्हणतात पुरावा!"

मी उठले. "अहो, मला फिरवा."

"तू त्या दिवशी नव्हतीस."

"नव्हते ना, म्हणूनच फिरवा."

मुलांनी बाकं वाजवली. मी चष्मेवालीकडून रुमाल मागून घेतला, डोळ्यांवर करकचून बांधला आणि तिला म्हटलं, "रांगेतल्या जागा बदल गं." पावलं सरकल्याचा आवाज झाला. ह्यांना सगळी गंमत वाटत होती. पोलिसाची बायको आहे, म्हणाले, हिलाही जरा हौस आहे. त्यांनी माझा कोपर धरला आणि आम्ही निघालो. तीस वर्षांच्या संसारात हे इतक्या प्रेमाने मला कुठे घेऊन गेले नव्हते. दोन-चार पावलं झाली आणि कोपरावरचा हात थबकला. घसा खाकरला.

"हाच तो," मी म्हटलं आणि रुमाल काढला. समोर पंखेवाला उभा, घामाने डबडबलेला.

मुलं खो खो हसली. हेही हसले. खरंच सांगते, अभिमानाने हसले! "काय नजर आहे!" म्हणाले. तेवढ्यात दार उघडून कारकून धापा टाकत आत आला. त्याच्या मागे एक बुटका, गोल माणूस, हातात ह्यांची बॅग.

"साहेब, माफ करा," कारकून म्हणाला, "चोराला उशीर झाला. हा आपला नवा ड्रायव्हर. प्राचार्यांना आणायला स्टेशनवर गेला होता."

"सुरू झालं का?" ड्रायव्हरने विचारलं. "मी कुठे उभा राहू?"

 पंखेवाला म्हणाला, "मग मी जाऊ का? वरच्या मजल्यावर अजून पंखे राहिलेत." आणि उत्तराची वाट न बघता तो आपला आपण निघून गेला.

आमचे हे मात्र डगमगतील तर शपथ. खडू उचलला आणि म्हणाले, "यातून काय शिकलात? साक्षीदारावर कधीही विसंबू नका! तुम्हाला जे झालं त्याला म्हणतात सामूहिक भ्रम. लिहून घ्या." मुलं लिहून घेऊ लागली. हे फळ्यावर लिहू लागले: सामूहिक भ्र

"पण सर," चष्मेवाली म्हणाली, "काकूंच्या डोळ्यांवर तर रुमाल होता."

खडू तिथेच थांबला. 

मी आवाज चढवला नाही. चढवायची गरजच नव्हती. "अहो," मी म्हटलं, "आईंच्या डोळ्यालाही पट्टीच होती."

 घरी आल्यावर हे बूटही न काढता खुर्चीत बसले. मग म्हणाले, "घड्याळ तर गेलंच होतं ना?"

"गेलं होतं. कुणी नेलं, ते तुम्हाला ठाऊक नाही. हे वाक्य एकदा तोंडाने म्हणून बघा, दात नाही पडायचे."

म्हणाले नाहीत. मी स्वयंपाकघरात गेले. भांडी घासताना पाहिलं तर हे दिवाणखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होते, मान खाली, नजर स्वतःच्या बुटांवर. जिथे तेव्हा रांग लावली होती, तिथेच. एका जागी येऊन थांबले आणि उभेच राहिले. तीस वर्षांत ह्यांनी किती माणसांना असं फिरवलं असेल, या विचारात मी एकच भांडं पुन्हा पुन्हा घासत राहिले. मला ह्यांचा राग आला आणि दयाही आली. राग जास्त.

लग्नाच्या दिवशी मी एकटीच तयार झाले. दाराशी पाहिलं तर हे इस्त्रीचा शर्ट घालून उभे. "चल," म्हणाले. मी निघाले. पण रस्ताभर माझा जीव टांगणीला लागला होता. तिथे जाऊन काही वेडंवाकडं बोलले, तर पोरीच्या सासरच्यांसमोर भावाचं तोंड काळं व्हायचं.

हॉलच्या दाराशी पाहुण्यांचं स्वागत करायला दोन्ही घरची माणसं रांगेत उभी होती. कर्म माझं, इथेही रांगच! नवऱ्या मुलाचे वडील, त्याचे काका, माझी वहिनी आणि शेवटी माझा धाकटा भाऊ. केस पिकलेले. हे एकेकाशी हात मिळवत पुढे सरकले. मुलाच्या वडिलांपुढून गेले, काकांपुढून गेले, वहिनीला नमस्कार केला.

धाकट्यापुढे बूट थांबले. ह्यांनी घसा खाकरला.

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. पुढे केलेला हात अधांतरीच राहिला. शेजारी उभे असलेले मुलाचे वडील आळीपाळीने दोघांकडे बघू लागले. मी ह्यांची बाही घट्ट धरली.

हे ताठ उभे राहिले आणि ठाण्यात बोलायचे त्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यात तो नाही."

"कोण नाही?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"तेव्हाही नव्हता," हे म्हणाले. "मी थांबलो होतो. मी चुकलो." शेवटचा शब्द मात्र ठाण्याच्या आवाजात निघाला नाही.

  धाकट्याने पुढे होऊन ह्यांचा कोपर धरला आणि म्हणाला, "दाजी, आत चला. लेक वाट बघतेय."

दोघे आत गेले. मला त्यांच्या मागोमाग जायचं होतं, पण मी तिथेच, पोरीच्या सासरच्या समस्त मंडळींसमोर, मोठ्याने रडत उभी राहिले. वहिनीने पाणी आणून दिलं.